एकच देवदूत, दोन पदकं : बायबलमधली चित्रं आणि राजकीय प्रचार

ठसेवाला (धागाकर्ता)

स्मारक-पदकांवर बायबलचा वापर कसा व्हायचा ते पाहायचं असेल, तर दोन पदकं शेजारी ठेवावीत.

पहिलं रोमचं. तेरावा ग्रेगरी मे १५७२ मध्ये पोप झाला. २४ ऑगस्टला पॅरिसमध्ये ह्युगेनोंची, म्हणजे फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांची, कत्तल सुरू झाली. तिच्या आनंदात फेदेरिगो बोंझान्या या पदककाराने ठसा कोरला. पुढच्या बाजूला पोपचा चेहरा. मागे एका हातात क्रूस नि दुसऱ्यात तलवार घेतलेला देवदूत आणि त्याच्यापुढे कोसळणारी माणसं. लेख एवढाच : ‘उगोनोत्तोरुम स्त्रागेस १५७२’, ह्युगेनोंचा संहार. व्यास सुमारे ३० मिमी. वचन कोरलेलं नाही, कारण गरजच नव्हती. तलवार उपसलेला देवदूत दिसला की बायबलच्या ‘निर्गम’ ग्रंथातली मिसरची रात्र (घरोघरचे थोरले मुलगे मारले गेले ती) आणि दाविदाच्या काळची मरी पाहणाऱ्याला आपोआप आठवायची. मारेकरी माणसं होती, पदकावर ती कुठेच नाहीत.

दुसरं हॉलंडमधल्या लायडन शहराचं, १५७४. स्पॅनिश वेढा ३ ऑक्टोबरला उठला. पदकाच्या एका बाजूला यरुशलेमेपुढे मरून पडलेली अश्शूरी फौज आणि वर देवदूत. लेखाचा अर्थ : ‘जसा सन्हेरीब यरुशलेमेपासून, २ राजे १९’. दुसऱ्या बाजूला लायडन आणि वाक्याचा उरलेला भाग : ‘तसे स्पॅनिश लायडनपासून रात्री पळाले’. त्या अध्यायात देवदूत एका रात्रीत १,८५,००० माणसं मारतो. लायडनला फौज पळाली ती पाण्यामुळे. ऑगस्टपासून बांध फोडले होते, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या वादळाने समुद्राचं पाणी आत रेटलं.

तर तोच देवदूत, दोन वर्षांत, बरोबर उलट्या बाजूला. आता लायडनच्या पदकातली खरी मेख. सन्हेरीब हा अश्शूरचा, म्हणजे परका राजा. स्पेनचा दुसरा फिलिप मात्र १५७४ साली डचांचा कायदेशीर राजा होता. त्याला नाकारणारा ठराव आला २६ जुलै १५८१ ला. लायडनचं विद्यापीठ १५७५ साली स्थापन झालं, तेही कागदोपत्री याच फिलिपच्या नावाने! सनदेत ‘आमचा राजा’ आणि पदकावर ‘अश्शूरी आक्रमक’. जे दस्तऐवजात लिहायची सोय नव्हती ते चांदीवर उपमेच्या आडून लिहून टाकलं.

माहीतगारांनी भर घालावी. ‘पदक सुंदर आहे’ यापुढचं लिहा.

---

अक्षरगणती

गनपावडर कटाचं, म्हणजे इंग्लंडच्या राजाला पार्लमेंटसकट सुरुंगाने उडवण्याच्या कटाचं, डच पदक इथे हवंच. १६०५, चांदी, सुमारे ३० मिमी. पुढच्या बाजूला लिली आणि गुलाबांतून सरपटणारा साप, लेखाचा अर्थ ‘दडलेला उघडा पडला’. मागे काट्यांच्या मुकुटात देवाचं हिब्रू नाव आणि लेख ‘नॉन डॉर्मितास्ती आंतिस्तेस याकोबी’. म्हणजे ‘हे याकोबाच्या रक्षका, तू डुलकी घेतली नाहीस’.

मूळ स्तोत्र १२१:४ : इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. पदककाराने इस्राएल काढून याकोब घातला. बायबलमध्ये याकोब म्हणजेच इस्राएल, आणि इंग्लंडच्या जेम्स राजाचं लॅटिन नावही याकोबुसच. एका शब्दात राजा आणि निवडलेली प्रजा दोन्ही बसवली.

शिवाय हा कालश्लेष आहे; लेखातली रोमन अंकाची अक्षरं मिळवली की साल निघतं. कृती अशी :

१. लेख सगळा मोठ्या लिपीत उतरवून घ्या. यू दिसला तर व्ही समजा, जे दिसला तर आय.
२. एम १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५, आय १. बाकी अक्षरं सोडा.
३. नुसती बेरीज करा. रोमन अंकातली ‘मोठ्याआधी लहान आलं तर वजा’ ही पद्धत इथे लावायची नाही. निम्मे लोक इथेच चुकतात.

‘डॉर्मितास्ती’मध्ये डी, एम आणि दोन आय : १५०२. ‘आंतिस्तेस’मध्ये एक आय : १५०३. ‘याकोबी’मध्ये दोन आय आणि सी : १६०५. ‘याकोबी’चा पहिला उच्चार ‘या’ असला तरी अक्षर आय आहे. ते सुटलं तर १६०४ येतं आणि माणूस पदकालाच खोटं ठरवून मोकळा होतो.

---

बोरूबहाद्दर

रुमाल टाकून ठेवतो. तोवर एक शंका. हे लोक खरंच श्रद्धाळू होते, ‘देवाने वाचवलं’ असं त्यांना मनापासून वाटत होतं. मग त्याला प्रचार का म्हणायचं? कृतज्ञता म्हणा की.

---

अर्धविराम

@बोरूबहाद्दर, श्रद्धा खरी असू शकते. प्रचार दिसतो तो वचन कुठे तोडलंय तिथे. म्हणून पदकावरचं वचन सापडलं की अध्याय उघडून पुढच्या-मागच्या दहा ओळी वाचायच्या. दोन नमुने देतो.

दुसरा चार्ल्स १६६० साली हॉलंडहून इंग्लंडला परतला त्यावर पीटर व्हान आबेलेचं मोठं चांदीचं पदक आहे, सुमारे ७० मिमी. मागे जहाजांचा ताफा, वर कर्णा फुंकणारी कीर्तीदेवता, आणि स्तोत्र ८९ मधलं वचन : ‘माझ्या नावाने त्याचं शिंग उंचावेल’. स्तोत्रात हे दाविदाबद्दल आहे, म्हणून चार्ल्स म्हणजे दावीद. छान. पण तेच स्तोत्र पुढे वाचा. ३८-३९ व्या वचनांत देवाकडे तक्रार आहे की तू आपल्या अभिषिक्ताला टाकलंस, त्याचा मुकुट धुळीला मिळवलास. ज्याच्या बापाचं डोकं १६४९ साली उडवलं त्याच्या पदकासाठी हे स्तोत्र निवडणारा माणूस ही वचनं विसरला नव्हता. त्याने ती कोरली नाहीत, इतकंच. त्या काळातलं बायबल पाठ असलेलं गिऱ्हाईक मात्र ती मनात वाचणारच. कधीकधी वाटतं, हा गाळलेला भागच पदकाचा खरा मजकूर.

दुसरा नमुना घाणेरडा आहे, पण टाळून चालणार नाही. १६९४ च्या महागाईत गोथाचा क्रिस्तियान व्हेर्मुथ याने काढलेलं ‘कोर्नयूडं’, म्हणजे ‘धान्य-यहुदी’ पदक. पाठीवर पोतं घेतलेला यहुदी, पोत्यावर सैतान, खाली ‘महागाईचा काळ १६९४’. मागे धान्याचं माप आणि नीतिसूत्रे ११:२६ : धान्य अडवून ठेवणाऱ्याला लोक शाप देतात, विकणाऱ्याच्या डोक्यावर आशीर्वाद येतो. वचन कुठल्याही साठेबाजाबद्दल आहे, जातीधर्माचा उल्लेख नाही. आणि ते नीतिसूत्र मुळात यहुद्यांच्याच ग्रंथातलं! चित्र एका बाजूला, वचन दुसऱ्या बाजूला, आणि पदक बोटांत उलटवताना दोन्ही जोडण्याचं पाप पाहणाऱ्याकडून करवून घ्यायचं. यात कृतज्ञता कुठे शोधायची?

---

बोरूबहाद्दर

पटलं. शब्द मागे.

---

ठसेवाला

अर्धविराम, स्तोत्र ८९ चा मुद्दा फार चांगला. त्याला जोडून एक व्यवहारी सूचना. स्तोत्रांचे आकडे दोन पद्धतींचे आहेत. व्हल्गेट या लॅटिन बायबलमध्ये ९ आणि १० ही स्तोत्रं एकत्र धरलेली असल्याने तिथून १४७ पर्यंत बहुतेक आकडे एकने कमी येतात. आपल्या मराठी बायबलमधलं ८९ म्हणजे व्हल्गेटचं ८८. आबेलेने वचन लॅटिनमध्ये कोरलं पण आकडा ८९ घातला, म्हणजे प्रॉटेस्टंट मोजणी. पदकावर आकडा असेल आणि वचन सापडत नसेल तर एक घर पुढे-मागे पाहा; त्यातून पदककार कोणत्या गोटातला हेही पुष्कळदा कळतं.

तारखांचंही तसंच. त्याच पदकावर २ जून १६६० आहे, इंग्रजी इतिहासात निघण्याची तारीख २३ मे. दोन्ही बरोबर. हॉलंड नव्या पंचांगावर होता, इंग्लंड जुन्या. अंतर १० दिवस.

---

माहीमची_खाडी

आर्माडाचं, म्हणजे १५८८ साली इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराचं, ‘एलिझाबेथने पाडलेलं’ पदक कुणी आणलं नाही अजून? ‘देवाने फुंकर मारली आणि ते विखुरले’ वालं.

---

ठसेवाला

ते एलिझाबेथने पाडलेलं नाही, डच आहे. हा गैरसमज तीनशे वर्षं फिरतोय. १८व्या शतकात लेखाचा पाठही बिघडला, ‘अफ्लाव्हिट देउस’ असा रूढ झाला. पदकावर आहे ते ‘फ्लाव्हिट’, मग देवाचं नाव हिब्रू अक्षरांत, मग ‘एट दिस्सिपाती सुंत १५८८’. व्यास सुमारे ५१ मिमी. दुसऱ्या बाजूला लाटांमध्ये खडकावर उभं चर्च, खाली डचांचा नेता नासाऊचा मॉरिस याचं राजचिन्ह, आणि लेख ‘आल्लिदोर नॉन लाएदोर’ : आपटले जाते, दुखावले जात नाही. राजचिन्ह कोणाचं ते पाहिलं की श्रेय कोण घेतंय ते कळतं. इंग्लंडच्या आरमाराचा लेखात उल्लेखसुद्धा नाही.

फुंकर निर्गम १५:१० मधली : तू आपला वारा फुंकलास, समुद्राने त्यांना झाकलं. फारोची फौज म्हणजे स्पेन.

त्याच वर्षीचं गेरार्ड व्हान बेलारचं उपहासाचं पदक मला जास्त आवडतं. एका दालनात पोप, राजे, बिशप डोळ्यांवर पट्ट्या बांधून बसलेत आणि खालची सगळी जमीन अणकुचीदार खिळ्यांची. लेख प्रेषितांच्या कृत्यांमधला, जो आपल्याकडे ‘पराणीवर लाथ मारणे तुला कठीण’ असा आहे. पराणी म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी. पदककाराने ती जमिनीत पेरली. हे वाक्य ख्रिस्त शौलाला उद्देशून म्हणतो, जो तेव्हा ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता. पोपला थेट त्या जागी बसवलंय. मागच्या बाजूला फुटणारी जहाजं आणि स्तोत्र ८६:१०, ‘तू थोर आहेस, तूच एक देव आहेस’.

---

छिन्नी

उलटं धरून वाचायचं पदक राहिलं. १६व्या शतकातली जर्मन उपहास-पदकं. पोपचं डोकं १८० अंशांत फिरवलं की सैतान, मागच्या बाजूला कार्डिनल फिरवला की विदूषक. एका बाजूचा लेख ‘एक्लेसिया पेर्व्हेर्सा तेनेत फासिएम दिआबोली’, भ्रष्ट चर्चला सैतानाचं तोंड. विदूषकाच्या बाजूचा लेख स्तोत्र ९४:८ मधल्या ‘मूर्खांनो, कधीतरी शहाणे व्हा’ यावर बेतलेला (व्हल्गेटमध्ये ९३).

एकाच रेषेत दोन चेहरे बसवणं कोरायला अवघड. एकाची हनुवटी ती दुसऱ्याच्या कपाळाची बाजू, एकाचा मुकुट ती दुसऱ्याची दाढी. त्यात ठसा आरशासारखा उलटा कोरायचा. म्हणूनच देवाच्या हिब्रू नावात इतके घोटाळे दिसतात : योद-हे-वाव-हे हे उजवीकडून डावीकडे, ठशात ते डावीकडून उजवीकडे कोरायला हवं, आणि लिपी न येणारा कारागीर नमुना आहे तसाच उतरवतो. पदकावर नाव उलटं उमटतं. ‘हे’चा डावा पाय वरच्या रेषेला चिकटला की ‘हेथ’ होतो, तेही सर्रास. तेव्हा अक्षर चुकलं म्हणजे नक्कल, असं समजू नका. उलट अस्सल नमुन्यांत ठरावीक चूक असेल आणि समोरच्या पदकात ती दुरुस्त झालेली असेल, तर मात्र कान टवकारा.

---

माहीमची_खाडी

मग नेमका प्रश्न. लिलावाच्या यादीत ‘फ्लाव्हिट, चांदी, ४९.५ मिमी, कडेला हलकी रेघ’ असं वर्णन आहे. सोडून द्यावं का?

---

धातुवेध

वर्णनावरून संशय रास्त, पण निकाल लावू नका. क्रमाने जा.

व्यास : अस्सल पदकावर साचा घेऊन ओतलेली नक्कल धातू आकसल्यामुळे साधारण १ ते २ टक्के लहान होते. ५१ चं ५० ते ५०.५ होईल. ४९.५ म्हणजे एका ओतकामाने होणाऱ्यापेक्षा जास्त घट. नकलेची नक्कल असू शकते. पण बाहेरचा व्यास कड घासल्यानेही घटतो, म्हणून त्यावर विसंबू नका. आतलं मोजा. चर्चच्या टोकापासून लेखातल्या एका ठरावीक अक्षरापर्यंतचं अंतर घ्या आणि संग्रहालयातल्या त्याच ठशाच्या नमुन्याशी ताडून पाहा. आतली अंतरंही तेवढ्याच प्रमाणात कमी भरली तर ओतीव.

पृष्ठभाग : ठशाने पाडलेल्या पदकात अक्षरांच्या कडा जमिनीतून काटकोनात उठतात. ओतीवात त्या गोलसर, आणि भिंगातून (१० पट पुरे) बारीक खड्डे दिसतात. पण सतराव्या शतकातली कित्येक अस्सल पदकं मुळातच ओतीव आहेत, त्यामुळे ही कसोटी ‘फ्लाव्हिट’सारख्या पाडलेल्या पदकालाच लावायची.

कडेची रेघ : दोन शक्यता. एक, १९व्या शतकातला इलेक्ट्रोटाइप. दोन बाजूंची तांब्याची पातळ कवचं विजेच्या कुंडात जमवून, आत शिसं किंवा कथील भरून, जोडून वर चांदीचा मुलामा. ब्रिटिश म्युझियमसाठी रेडी कुटुंबाने बनवलेल्यांच्या कडेवर ‘आर आर’ किंवा ‘एम बी’ ठोकलेलं असतं. फसवणुकीसाठी केलेली नव्हती, पण कडा घासून फसवणूक करता येते. दोन, डच पोकळ पदक. आबेले आणि व्हाउटर म्युलर दोन चांदीची कवचं वलयाने जोडत. तिथे रेघ हा अस्सलपणाचाच भाग. वर आलेलं चार्ल्सचं पदक त्याच जातीचं. १५८८ चं ‘फ्लाव्हिट’ त्या जातीचं नाही.

घनता : काटा ०.०१ ग्रॅमचा. आधी हवेत वजन. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा आणि पदक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा दाखवेल तेवढे ग्रॅम म्हणजे विस्थापित पाणी. हवेतलं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. उदाहरणार्थ ४५.०० भागिले ४.३० म्हणजे १०.४७, चांदीच्या जवळ (शुद्ध १०.४९, तांबं मिसळलं की थोडी कमी). तांबं ८.९६, कथील ७.३, शिसं ११.३४. तांब्याच्या कवचात शिसं भरलं की सरासरी नेमकी चांदीजवळ येऊ शकते, म्हणून घनता जुळली तरी कड पाहायचीच. पृष्ठभागाला बुडबुडे चिकटले तर आकडा कमी येतो, तेव्हा आधी पाण्यात हलवून घ्या. पोकळ पदकावर ही चाचणी करूच नका. आतल्या हवेमुळे आकडा निरर्थक, आणि पाणी आत गेलं तर निघत नाही.

---

अक्षरगणती

पोपच्या १५७२ च्या पदकाबाबत जोड देतो. ते नंतर पुन्हा पुन्हा पाडलं गेलंय. पुढच्या बाजूला ‘वर्ष १ ले’ आहे म्हणून प्रत १५७२ चीच, असं होत नाही. ठशावरचं साल पाडण्याचं साल नसतं. मागाहूनच्या प्रती सहसा फारच नीटनेटक्या, कड एकसारख्या जाडीची, आणि गंजलेल्या ठशामुळे जमिनीवर उंचवट्याचे बारीक फोड. खड्डा म्हणजे पदकाचा दोष, फोड म्हणजे ठशाचा.

पॅरिसच्या टाकसाळीने मात्र सोय केली आहे. १८३२ पासून कडेवर खूण : दिवा, मग जहाजाचा नांगर, मग जहाजाची नाळ, १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८८० मधमाशी, पुढे शिंगातून सांडणारी फळं. चौदाव्या लुईचं १६८५ चं ‘पाखंड विझलं’ पदक मधमाशीसकट मिळालं तर ते लुईच्या काळातलं नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको.

---

अर्धविराम

इंग्रजांकडे वळतो. १६८८, सात बिशपांचा खटला. दुसऱ्या जेम्स राजाच्या हुकुमाविरुद्ध अर्ज केला म्हणून अटक, ३० जूनला निर्दोष सुटका. एका ओतीव पदकावर (सुमारे ५७ मिमी) जेझुइट आणि मठवासी (दोघेही कॅथलिक) कुदळ-फावड्याने चर्चचा पाया उकरताहेत, वरून ढगातला हात चर्चला धरून आहे. लेख मत्तय १६:१८, नरकाची दारं जिंकणार नाहीत. मागे सात बिशप आणि नीतिसूत्रे ९:१ : ज्ञानाने आपलं घर बांधलं, सात खांब घडवले. दोन्ही लेख लॅटिनऐवजी इंग्रजीत. गिऱ्हाईक दरबारी नव्हतं, दुकानदार होतं. गंमत पुढे आहे. जेम्सच्या जागी विल्यम गादीवर आल्यावर निष्ठेची शपथ घ्यायला सातांपैकी पाच बिशपांनी नकार दिला. दोन खांबांवर घर!

पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याच्या डनबारच्या विजयाच्या पदकावर (टॉमस सायमन, १६५०) ‘सेनाधीश परमेश्वर’ हा लढाईतला परवलीचा शब्द कोरलाय. समोरचे स्कॉट सैनिकही तीच स्तोत्रं गाणारे. क्रॉमवेलने पार्लमेंटच्या लोकांना लिहिलं होतं की माझा चेहरा नको, सैन्य दाखवा. चेहरा कोरला गेलाच.

---

सांतोमे

थोडं अवांतर, पण आपल्या किनाऱ्याचं. गोव्याच्या टाकसाळीत पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंव राजाच्या काळात पाडलेल्या सोन्याच्या सांतोमे नाण्यावर प्रेषित थोमा आहे आणि लेख ‘इंदिया तिबी सेस्सित’ : भारत तुला वश झाला. ‘तुला’ म्हणजे थोमाला की राजाला, हे मुद्दाम संदिग्ध ठेवलंय असं माझं मत. पदक नाही, नाणं आहे. पण पदक हौशी माणूस विकत घेतो किंवा त्याला ते भेट मिळतं. नाणं मात्र बाजारात प्रत्येकाच्या हातात पडतं.

---

ठसेवाला

अवांतर अजिबात नाही. थोमावर वेगळा धागा काढाच.

ज्यांच्याकडे शिशाची जुनी पदकं आहेत त्यांच्यासाठी : ओक किंवा प्लायवुडच्या खणात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि लेख खाऊन टाकते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांनी चांदी-तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात काशाच्या पदकांच्या डबीत सिलिका जेल ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांखाली. फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते पदक आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. चांदीला लिंबू, चिंच, दंतमंजन काहीही लावायचं नाही. लेखाच्या कडा गेल्या की वर लिहिलेल्या निम्म्या कसोट्या निकामी.

@माहीमची_खाडी, लिलाववाल्यांकडून तीन फोटो मागवा : दोन्ही बाजू, डावीकडून तिरप्या उजेडात, आणि तिसरा कडेचा. वजन ग्रॅममध्ये. कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर बोली लावू नका. फोटो आले की इथेच टाका.